शालेय रग्बी चषक भरवायचा तर : चिठ्ठ्या टाकण्याआधीची तयारी

आयर्लंडमधल्या अल्स्टर प्रांतात शाळांचा रग्बी चषक १८७६ पासून खेळला जातो. आयरिश रग्बी संघटना आजच्या एकत्रित रूपात आली ती १८७९ मध्ये. म्हणजे संघटनेपेक्षा चषकच तीन वर्षांनी थोरला. पहिल्या वर्षी तो रॉयल स्कूल आर्मा या शाळेने जिंकला. पुढे लेन्स्टर प्रांताचा वरिष्ठ चषक १८८७ मध्ये आणि मन्स्टर प्रांताचा १९०९ मध्ये सुरू झाला. अल्स्टरची अंतिम लढत १७ मार्चला, सेंट पॅट्रिक दिनी, बेलफास्टच्या रेव्हनहिल मैदानावर होते. ही तारीख शाळाशाळांतून इतकी मुरली आहे की उरलेला हंगाम तिच्यापासून मागे मोजला जातो.

नव्याने प्रादेशिक स्पर्धा भरवणाऱ्यांनी पहिला धडा इथूनच घ्यावा. अंतिम सामन्याची तारीख आणि मैदान आधी पक्के करा, मग उलटे मोजत या. बहुतेक आयोजक पहिल्या फेरीपासून पुढे मोजत जातात. दोन आठवडे पावसात गेले की त्यांची उपांत्य फेरी परीक्षांच्या तोंडावर येते आणि शाळा मुले सोडायला तयार होत नाहीत.

कोणता साचा निवडावा

शाळांच्या रग्बीत चार साचे रुळले आहेत. आयर्लंडच्या प्रांतांत बाद पद्धत आहे : हरलात की बाहेर. सिडनीच्या जुन्या शाळांची संघटना १८९२ ची. तिथे ठरलेल्या मोजक्या शाळा साखळी पद्धतीने खेळतात. न्यूझीलंडच्या मोआस्कर चषकाची तऱ्हा आणखी वेगळी. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस इजिप्तमध्ये न्यूझीलंडच्या सैनिकांनी हा चषक जिंकला आणि पुढे तो शाळांसाठी ठेवला गेला. विमानाच्या लाकडी पंख्याच्या तुकड्यावर तो बसवलेला आहे. ज्या शाळेकडे तो असेल तिला इतर शाळा आव्हान देतात आणि हरवले तर घेऊन जातात. चौथा साचा दक्षिण आफ्रिकेच्या क्रेव्हन सप्ताहाचा. १९६४ मध्ये ईस्ट लंडन शहरात तो सुरू झाला. प्रांतांचे शालेय संघ आठवडाभर एकाच गावी येऊन खेळतात. त्यात अधिकृत विजेता ठरवायचा नाही अशी रीत होती. सर्वांत चांगले खेळलेले दोन संघ शेवटच्या दिवशी शेवटचा सामना खेळत आणि लोक आपापल्या मनाने काय ते ठरवत.

बाद पद्धतीचे आकर्षण उघड आहे. सोळा संघांचा निकाल पंधरा सामन्यांत आणि चार फेऱ्यांत लागतो. पण त्यातल्या आठ शाळा एकच सामना खेळून घरी जातात. वर्षभर सराव करून सत्तर मिनिटांत हंगाम संपणे हे नव्या शाळांच्या पचनी पडत नाही आणि पुढल्या वर्षी त्यांचा अर्ज येत नाही. अल्स्टरमध्ये यावरचा तोडगा फार पूर्वी निघाला. मुख्य चषकातून बाहेर पडलेल्या शाळांसाठी शील्ड, बाउल अशा उपस्पर्धा आहेत. तुमच्याकडे दहापेक्षा जास्त शाळा असतील तर उपस्पर्धेशिवाय बाद पद्धत लावू नका.

चार ते आठ शाळा असतील तर सरळ साखळी करा. आठ संघांचे २८ सामने होतात आणि सात फेऱ्या लागतात. सात शनिवार मोकळे नसतील तर चार-चारचे दोन गट पाडा. प्रत्येक गटात सहा सामने, तीन फेऱ्या, आणि मग उपांत्य व अंतिम. साखळीचे वेळापत्रक करताना पहिला संघ जागेवर ठेवा आणि उरलेले दर फेरीला घड्याळाच्या दिशेने एक घर सरकवा. कोणतीही जोडी दोनदा येत नाही. संघ विषम असतील तर एक रिकामे नाव धरा. त्याच्याशी जोडी आली की त्या आठवड्यात विश्रांती.

साखळीचे गुण : विजयाला ४, बरोबरीला २, चार किंवा जास्त ट्राय (समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणे) केल्यास १ जादा, सात किंवा कमी गुणांनी हरल्यास १ जादा. शाळांच्या पातळीवर चार ट्रायचा जादा गुण जपून लावा. दुबळ्या संघाविरुद्ध तो फुकट मिळतो. एका गटात असे दोन संघ आणि दुसऱ्यात एकही नाही असे झाले, तर गटांची तुलना खोटी ठरते. सगळे संघ एकमेकांशी खेळणार असतील तरच तो ठेवावा.

चिठ्ठ्या आणि पुढे चाल

बाद पद्धतीत संघांची संख्या ४, ८, १६, ३२ अशी क्वचितच येते. गणित सोपे आहे. संघसंख्येच्या वरची अशी पहिली संख्या घ्या आणि तिच्यातून संघसंख्या वजा करा. उरतील तितक्यांना पुढे चाल, म्हणजे पहिली फेरी न खेळता थेट दुसरीत. २२ शाळा असतील तर ३२ वजा २२, म्हणजे १० शाळांना पुढे चाल. उरलेल्या १२ शाळांचे सहा सामने, आणि दुसऱ्या फेरीत बरोबर सोळा. पुढे चाल फक्त पहिल्या फेरीत द्यायची. हे न पाळता ११ विजेते दुसऱ्या फेरीत आणले की प्रत्येक फेरीत कोणीतरी फुकट पुढे जात राहते आणि तक्रारी सुरू होतात.

पुढे चाल कोणाला? मागच्या वर्षीच्या उपांत्य फेरीतले चार संघ मानांकित धरा आणि उरलेल्यांची चिठ्ठी काढा. मानांकन अजिबात नको असा आग्रह काही ठिकाणी असतो. तसे केल्यास दोन बलाढ्य शाळा पहिल्याच फेरीत भिडतात आणि दुसरीकडे एखादा सामना ९०–० असा संपतो. मुलांच्या रग्बीत असा गुणफलक लाजिरवाणा तर असतोच, शिवाय धोक्याचाही. दमलेली, खचलेली मुले चुकीच्या उंचीवर टॅकल करतात, म्हणजे समोरच्याला पकडून पाडायला जातात, आणि जखमी होतात. सामर्थ्यातली तफावत खरी असते हे आकडेच सांगतात. लेन्स्टरचा वरिष्ठ चषक ब्लॅकरॉक कॉलेजने साठांहून अधिक वेळा नेला आहे.

चिठ्ठ्या सर्व शाळांच्या प्रतिनिधींसमोर काढा, आणि घरचे मैदान कोणाचे हेही त्याच चिठ्ठीत ठरवा. आधी निघालेला संघ यजमान, इतके पुरे. उपांत्य फेरीपासून तटस्थ मैदान.

बरोबरी झाली तर

नियमपत्रिकेत सर्वांत जास्त घोळ इथे होतो. जागतिक रग्बी संघटनेच्या १९ वर्षांखालील नियमांत सामना सत्तर मिनिटांचा, पस्तीस-पस्तीसचे दोन भाग, आणि जादा वेळ खेळायचाच नाही असे स्पष्ट आहे. मोठ्यांचे सामने पाहून आलेले आयोजक बाद फेरीत ‘दहा-दहा मिनिटे जादा’ असे लिहून टाकतात. पंच ते खेळवायला नकार देतो आणि तो बरोबरच असतो. मग चिखलात उभ्या तीस मुलांसमोर आणि दोन्ही बाजूंच्या पालकांसमोर निर्णय शोधायची वेळ येते.

म्हणून क्रम आधीच लिहा. आमच्या मते तो असा असावा : ज्या संघाचे ट्राय जास्त तो पुढे. ट्राय सारखे असतील तर पाहुणा संघ पुढे, कारण प्रवास त्याने केला आणि घरच्या मैदानाचा फायदा दुसऱ्याला होता. तटस्थ मैदानावर पहिला ट्राय करणारा पुढे. एकही ट्राय नसेल तर फेरसामना, आणि त्याची तारीख आधीच राखून ठेवलेली. अंतिम सामना बरोबरीत सुटला तर चषक विभागून द्या. यात कमीपणा नाही. अल्स्टरच्या यादीत विभागलेली वर्षे आहेत, आणि २०२० मध्ये महामारीमुळे अंतिम सामनाच होऊ शकला नाही तेव्हा लेन्स्टरचा चषक क्लाँगोज वूड आणि न्यूब्रिज या दोन शाळांना विभागून दिला गेला.

वय आणि पात्रता

एकच तारीख ठरवा. ‘या तारखेला वय १९ पेक्षा कमी’ असे एक वाक्य, बस्स. ‘चालू शैक्षणिक वर्षात’ असली मोघम भाषा टाळा, कारण शाळांची वर्षे वेगवेगळ्या महिन्यांत सुरू होतात. जन्मदाखल्यांच्या प्रती पहिल्या सामन्याच्या दोन आठवडे आधी मागवा. सामन्याच्या सकाळी आलेली प्रत कोणी नीट वाचत नाही.

तीन फटींतून वाद आत शिरतात. एक, वर्ष पुन्हा करणारा विद्यार्थी. दोन, हंगामाच्या तोंडावर शाळा बदलून आलेला. तीन, क्लबकडून मोठ्यांचे सामने खेळणारा. तिघांसाठी वेगवेगळे कलम लिहा. शाळा बदललेल्याला किमान एक पूर्ण सत्र थांबायला लावणे हा साधा उपाय आहे. नाहीतर मोठ्या शाळा लहान शाळांचे चांगले खेळाडू जानेवारीत उचलतात.

लहान वयोगट स्वतंत्र ठेवा. अल्स्टरमध्ये १५ वर्षांखालील मुलांची मेडॅलियन शील्ड स्पर्धा वेगळी चालते. संख्या भरायला पंधराच्या मुलाला अठराच्या संघात, तेही स्क्रमच्या (दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटतात तो घोळका) पहिल्या रांगेत, उभा करणे ही या खेळातली सर्वांत मोठी बेजबाबदारी. नियमपत्रिकेत तिला सरळ मनाई हवी. मुलींच्या शाळा कमी असतील तर त्यांच्यासाठी दहा-दहाचे किंवा सात-सातचे संघ घेऊन वेगळा चषक ठेवा.

संघपत्रक आणि पहिली रांग

संघपत्रकात नाव, क्रमांक, जन्मतारीख यांच्या बरोबरीने आणखी एक रकाना हवा : पहिल्या रांगेचे प्रशिक्षण झालेले आहे का. दोन प्रॉप आणि मधला हुकर यांच्या मानेवर स्क्रमचा भार येतो. तिथे अनभिज्ञ मूल घालायचे नसते. नियमाप्रमाणे १५ खेळाडूंच्या संघात असे तीन हवेत, १६ ते १८ असतील तर चार, १९ ते २२ असतील तर पाच आणि २३ असतील तर सहा.

प्रत्यक्षात काय होते ते पाहा. शाळा १८ मुले आणते, पत्रकात चौघांवर खूण करते, पण चौथा नावापुरता असतो. विसाव्या मिनिटाला प्रॉपचा खांदा दुखावतो, चौथा आत येतो आणि पहिल्याच स्क्रममध्ये कोसळतो. तिसाव्या मिनिटाला दुसरा प्रॉप बाहेर. आता पंचाला बिनढकलीचा स्क्रम लावावा लागतो, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या संघालाच मिळणार आणि कोणी रेटायचे नाही. ज्या शाळेची ताकद स्क्रममध्येच होती तिची मेहनत वाया जाते. अशा वेळी कमी पडलेल्या संघाला काय भोगावे लागेल हे तुमच्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमात पाहून नियमपत्रिकेत उतरवा. आणि हेही लिहा की स्क्रम धोक्याचा वाटला तर पंचाचा शब्द अखेरचा, त्यावर तक्रार ऐकली जाणार नाही.

१९ वर्षांखालील स्क्रमचे आणखी तीन फरक प्रशिक्षकांना लेखी कळवा. स्क्रम दीड मीटरपेक्षा जास्त रेटायचा नाही. ४५ अंशांहून जास्त फिरला की थांबवायचा. एका संघाचा खेळाडू कमी झाला आणि स्क्रममध्ये त्याची माणसे घटली, तर समोरच्यानेही तितकीच घटवायची. बदली करून बाहेर गेलेला खेळाडू जखमी साथीदाराच्या जागी परत येऊ शकतो, हाही या वयोगटातला खास नियम. पत्रक सांभाळणाऱ्याला तो माहीत नसेल तर हकनाक भांडण होते.

मैदान

खेळाचे क्षेत्र लांबीला ९४ ते १०० मीटर, रुंदीला ६८ ते ७० मीटर. गोलरेषेमागचा पट्टा ६ ते २२ मीटर खोल. शाळेच्या मैदानात जागा पुरत नसेल तर पट्टा कमी करा, पण ६ च्या खाली जाऊ नका आणि मागे भिंत किंवा कुंपण असेल तर तिथे सामनाच नको. धावत आलेला मुलगा ट्राय टेकवून पाच-सहा मीटर घसरत जातो.

आखणीला दोन लांब टेप, चार खुंट्या, सुतळी आणि तीन माणसे लागतात. एक कोपरा पक्का करा. तिथून एका बाजूला ३० मीटर आणि दुसऱ्या बाजूला ४० मीटरवर खूण करा. दोन खुणांमधले अंतर ५० भरले की कोपरा काटकोनात. पूर्ण १०० गुणिले ७० आखले असेल तर दोन्ही कर्ण १२२.०७ मीटर यायला हवेत. एक १२१ आणि दुसरा १२३ आला तर मैदान तिरपे आहे. आता लक्षात आले तर दहा मिनिटांचे काम, रेषा मारल्यावर लक्षात आले तर अर्धा दिवस. मग मध्यरेषा, तिच्या दोन्ही बाजूंना १० मीटरवर तुटक रेषा, गोलरेषांपासून २२ मीटरवर सलग रेषा. गोलरेषांपासून ५ मीटरवर तुटक, आणि बाजूच्या रेषांपासून ५ व १५ मीटरवर तुटक.

रेषांसाठी कळीचा किंवा भिजवलेला चुना वापरू नका. ओल्या गवतावर तो कातडी आणि डोळे भाजतो, आणि रग्बीत प्रत्येकाचे तोंड कधी ना कधी रेषेवर टेकतेच. पाण्यात मिसळणारा मैदानाचा रंग किंवा खडूची भुकटी घ्या.

गोलखांबांमधले अंतर ५.६ मीटर, आडव्या दांडीची उंची ३ मीटर, खांबांची उंची जमिनीपासून किमान ३.४ मीटर. खांबांना गादी बांधा. तिची बाहेरची कड गोलरेषेपासून ३० सेंटिमीटरपेक्षा पुढे येऊ नये. निशाणे १४, किमान १.२ मीटर उंच. आठ कोपऱ्यांवर, आणि सहा मध्यरेषा व २२ च्या रेषांसमोर, बाजूच्या रेषेच्या २ मीटर बाहेर. दांडे वाकणारे घ्या, लोखंडी सळ्या नकोत. चेंडू ५ क्रमांकाचा, ४१० ते ४६० ग्रॅम. हवेचा दाब साधारण दर चौरस इंचाला ९.५ ते १० पौंड. थंडीत रात्रभर बाहेर राहिलेला चेंडू सकाळी मऊ लागतो, म्हणून सामन्याआधी तासभर तपासा.

एकाच मैदानावर लागोपाठ सामने असतील तर दोन तासांचे खण करा. सत्तर मिनिटे खेळ, दहा मिनिटे मध्यंतर, जखमांचे दहा-पंधरा, बाकी सराव आणि पत्रक. नव्वद मिनिटांचे खण आखले की तिसरा सामना हमखास अंधारात जातो. दिवसभराच्या सात-सातच्या मेळाव्यात एका सामन्यात १४ मिनिटे होतात. एका संघाचे पाचच सामने ठेवले म्हणजे सत्तरची मर्यादा राहते.

पंच, वैद्यकीय पथक आणि फाटकाची किल्ली

पंच यजमान शाळेने नेमायचा नाही, पंच संघटनेकडून घ्यायचा. सुरुवातीच्या फेऱ्यांत बाजूच्या रेषेवर दोन्ही शाळांचा एकेक माणूस चालतो. उपांत्यपूर्व फेरीपासून तिघेही तटस्थ. पंच तासभर आधी पोहोचून बूट पाहतो. खिळे २१ मिलिमीटरपेक्षा लांब नसावेत. दातांचे संरक्षक कवच नियमपत्रिकेत सक्तीचे करा.

टॅकलची उंची अनेक देशांनी अलीकडे छातीच्या हाडाखाली आणली आहे. तुमच्या संघटनेचा नियम कोणता ते हंगामाआधी सर्व प्रशिक्षकांना एकत्र बसवून सांगा. अर्ध्या शाळा जुन्या सवयीने वर पकडत राहिल्या तर पहिल्या फेरीत पिवळ्या कार्डांचा पाऊस पडतो, आणि प्रत्येक कार्ड म्हणजे दहा मिनिटे एक खेळाडू बाहेर.

डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत नाही. तो ‘मी ठीक आहे’ म्हणतो ते धरायचे नसते. काही देशांत पंच यासाठी निळे कार्ड दाखवतो. परतण्याची वाट टप्प्याटप्प्याची आहे आणि शालेय खेळात ती किमान २१ दिवसांची धरा. इथे वेळापत्रकाशी संबंध येतो. फेऱ्या पंधरा दिवसांवर असतील तर जखमी कर्णधार पुढची फेरी नक्की मुकणार, आणि शाळा दडपण आणणार. म्हणून अशा खेळाडूंची यादी आयोजकाकडे हवी आणि पुढच्या संघपत्रकाशी ती ताडून पाहायला हवी. शाळेच्या भरवशावर सोडू नये.

मैदानावर प्रशिक्षित प्रथमोपचारक, कडक स्ट्रेचर, हृदयाला धक्का देणारे यंत्र आणि बर्फ हवा. मानेची दुखापत असेल तर प्रशिक्षित माणसाशिवाय कोणी हलवायचे नाही, खेळ थांबला तर थांबू द्या. रुग्णवाहिका कोणत्या फाटकातून आत येईल ते सकाळी चालत जाऊन पाहा. फाटकाला कुलूप असते आणि किल्ली शिपायाकडे असते, आणि शिपाई शनिवारी नसतो. किल्ली प्रथमोपचारकाच्या खिशात द्या.

पाऊस, दंव आणि अर्धवट सामने

मैदान खेळण्याजोगे आहे का हे ठरवणारा एकच माणूस हवा, आणि वेळही ठरलेली : पाहुण्यांची बस निघण्याच्या दोन तास आधी. बुटाची टाच दाबून ती रुतत नसेल तर जमीन गोठलेली आहे. टाचेभोवती पाणी वर येत असेल तर चिखल आहे. प्रत्येक फेरीला एक राखीव दिवस आणि एक अखेरची तारीख द्या. अखेरच्या तारखेपर्यंत सामना झाला नाही तर काय, हेही लिहा. नाहीतर यजमानाचे मैदान सोयीने ओले होते.

हवामानामुळे खेळ थांबला तर पन्नास मिनिटे झाली असल्यास तोच गुणफलक ग्राह्य, त्याआधी थांबला तर फेरसामना. संघ आलाच नाही तर अर्धा तास थांबून समोरच्याला विजय द्या. साखळीत अशा वेळी ४ गुण आणि जादा १ द्यावा, म्हणजे न येण्याचा भुर्दंड तिसऱ्याच शाळेला बसत नाही.

तक्रार लेखी आणि २४ तासांत. लाल कार्डाची सुनावणी पुढच्या फेरीच्या किमान चार दिवस आधी. समितीत तीन माणसे, त्या सामन्यातल्या दोन्ही शाळांचे कोणी नाही. संघपत्रके, निकाल आणि निवाडे एका वहीत डकवून ठेवा. दहा वर्षांनी ‘असे पूर्वी झाले होते का’ हा प्रश्न येतो तेव्हा तीच कामाला येते.

शेवटी चषक. लाकडी बैठक रुंद घ्या, निदान पन्नास वर्षांच्या पट्ट्या बसतील अशी. विजेत्याचे नाव कोरायची जबाबदारी आयोजकाची, शाळेची नव्हे, कारण शाळांकडून तो कोरा परत येतो. आणि कोरणाऱ्याला सांगून ठेवा की प्रत्येक वर्षाच्या पट्टीवर दोन नावे मावतील इतकी जागा सोडायची.